पितळी कडीला खामगावच्या चांदीची पत हवी

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा येथेच उगम पावते, पूर्णा जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहते, पण या नद्यांवर शिडाच्या होड्यांचा व्यवहार नाही. मग या पानावर आम्ही लहान शिडाच्या होड्यांना लागणाऱ्या पितळी सामानाविषयी का लिहीत आहोत, असा प्रश्न मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखलीच्या कारागीर बांधवांना पडेल. प्रश्न रास्त आहे. हे सामान होडीवर बसत असले तरी मुळात ते दोराचे सामान आहे, आणि दोर व धातू यांचे नाते ओळखणारा कारागीर किनाऱ्यावरच जन्मावा लागतो असे नाही. पितळेसाठी जगभर नाव झालेले मुरादाबाद तरी कुठे समुद्राकाठी आहे? ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत आहे, आणि जहाजी पद्धतीचे पितळी सामान तेथून परदेशी जाते.

हे सामान कोणते ते आधी सांगतो. शीड वर चढवायला, ताणायला, सैल करायला दोर लागतात. दोर ज्या चाकावरून फिरतो ती कप्पी. दोराचा फास जेथे घासला जातो तेथे आत बसवायची खोबणीची कडी, तिला जहाजी भाषेत थिंबल म्हणतात. दोराला वाट देणारी, होडीच्या काठावर बसणारी कडी वेगळी. आणि ताणलेला दोर ज्यावर आठाच्या आकड्यासारखा गुंडाळून अडकवतात ती दोन शिंगांची खुंटी, म्हणजे क्लीट. याखेरीज शॅकल, जी आपल्या ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांना ठाऊक आहेच. एका लहान होडीला असे दहा-वीस नग सहज लागतात. आकार तळहातात मावणारा, पण काम जोखमीचे. वारा भरलेल्या शिडाचा सगळा ओढ या चार बोटांच्या धातूवर येतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात विहिरीवर मोट होती. मोटेचा नाडा आणि सोंदूर हे दोन्ही दोर दिवसभर चाकावरून धावत. चाकाला धार आली, कणा तिरका झाला, की आठ दिवसांत दोर कातरला जाई आणि शेतकरी सुताराच्या दारात उभा राही. बैलाची वेसण, मोरकी, कासरा, पोळ्याला घालायच्या घुंगरमाळा, शिंगांच्या पितळी शेंब्या, या सगळ्यांत दोर आणि कडी यांची गाठ आहे. कडी आतून गुळगुळीत नसेल तर बैलाची कातडी सोलते आणि दोरही तुटतो, हे ज्ञान आपल्या ओताऱ्यांना व लोहारांना पुस्तकातून मिळालेले नाही. होडीच्या कडीला याहून निराळे ज्ञान लागत नाही. लागतो तो निराळा धातू, आणि सगळी गोम तेथेच आहे.

त्याकडे येण्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बुलडाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसले आहे, त्याच रांगेतल्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्या चित्रावरून आपल्या नौदलासाठी एक शिडाचे जहाज बांधले गेले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत. ते २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले, आणि त्याचे नाव आयएनएसव्ही कौंडिण्य असे ठेवण्यात आले. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात बसून कुणा चित्रकाराने जहाज काढले आणि दीड हजार वर्षांनी कारागिरांना त्याचाच आधार घ्यावा लागला. सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या मुलाने आरमार उभे केले, त्यात दौलतखानासारखे सरदार होते, हेही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. तेव्हा "आपला समुद्राशी संबंध काय" असे म्हणणाऱ्याने जरा थांबावे.

मात्र खोटा अभिमानही नको. कोकणातल्या मचव्यांवर आणि पडावांवर पितळ फारसे नव्हते. त्यांच्या कप्प्या लाकडी असत, बांधणी दोराची असे, आणि जे काही धातूचे लागे ते बहुधा लोखंडी. पितळी-काशाच्या कड्या, खुंट्या, शॅकल ही परंपरा मुख्यतः युरोपातल्या हौशी होड्यांची आणि आरमाराची. ती मुंबईत इंग्रजांबरोबर आली. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे. आज शर्यतीच्या होड्यांवर हे सामानही राहिलेले नाही. तेथे प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर किंवा भोपाळच्या मोठ्या तलावावर मुले शिडाची होडी चालवायला शिकतात, पण त्या होड्यांचे सामान ठरलेल्या नियमांप्रमाणे कारखान्यातून येते. ते आपले गिऱ्हाईक नव्हे.

गिऱ्हाईक आहे ते लाकडी होडीवाल्यांचे. इंग्लंड, स्कँडिनेव्हिया, अमेरिका येथे जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करून चालवणारे आणि नव्या त्याच पद्धतीने बांधणारे लोक बरेच आहेत. त्यांना प्लॅस्टिकची खुंटी चालत नाही. लंडनची डेव्ही अँड कंपनी १८८५ पासून जुन्या घाटाचे जहाजी सामान विकते आहे. धंदा इतकी वर्षे टिकला तो गिऱ्हाईक असल्याशिवाय नाही. हा बाजार लहान आहे. त्यावर गाव श्रीमंत होणार नाही. पण भांड्यांचे काम गेलेल्या चार घरांची भट्टी त्यावर पेटती राहू शकते, आणि आमच्या मते चार घरे म्हणजे थोडी नव्हेत.

आता धातू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. भांड्यांच्या पत्र्यात साधारण ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते, तर ओतकामात ६० आणि ४० चे मिश्रणही सर्रास चालते. घरात, देवळात, मशिदीच्या दारावर हे पितळ शंभर वर्षे टिकते. खाऱ्या पाण्यात मात्र ते दगा देते. समुद्राचे पाणी पितळेतले जस्त हळूहळू काढून नेते आणि मागे भुसभुशीत तांबे उरते. कडी वरून जशीच्या तशी दिसते, आकार बदलत नाही, फक्त ठिकठिकाणी गुलाबी डाग पडतात. आतून ती पोकळ झालेली असते. एके दिवशी वारा वाढतो, दोर ताणतो आणि कडी तुटते. होडीत तेव्हा कोणी लहान मूल असेल तर?

हे नवे संशोधन नाही. विलायतेत मुंट्झ नावाच्या कारखानदाराने १८३२ मध्ये ६० भाग तांबे व ४० भाग जस्ताच्या धातूचे पेटंट घेतले होते. त्या पत्र्याने लाकडी जहाजांचे तळ मढवत. तळ मढवायला ते स्वस्त व चांगले ठरले, कारण पत्रा झिजला तर बदलता येतो. पण ओढ सोसणाऱ्या सामानाला तो धातू पुरेना. पुढे जस्ताचा एक भाग काढून एक भाग कथील घालण्याची रीत आली, त्याला नेव्हल ब्रास म्हणतात. त्याहून भरवशाचे ते गनमेटल: तांबे ८८, कथील १० आणि जस्त अवघे २ भाग. स्वस्तात हवे तर तांबे ८५ आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ भाग, हाही प्रकार जगभर चालतो. आपल्याकडे शिसेमिश्रित कथील-काशाच्या ओतीव मालासाठी भारतीय मानक ३१८ आहे, आणि शेतीपंपांचे बुश ओतणाऱ्या भट्ट्यांना ते परके नाही. याचा अर्थ ध्यानात घ्या. खाऱ्या पाण्याला टिकणारा धातू आपल्याकडे विहिरीच्या पंपात आधीच फिरतो आहे.

आणि तो ओळखणारे डोळेही आपल्याकडे आहेत. भंगाराच्या धंद्यातले आमचे भाऊ घागरीचा पत्रा, नळाची तोटी, व्हॉल्व आणि बुश यांचे ढीग वेगळे लावतात. कानसीचा एक हात मारून रंग पाहायचा, पिवळा की तांबूस, वजन हातावर तोलायचे, आणि भाव सांगायचा. या कामाला समाजात मान नाही, आणि ही गोष्ट आम्हांला नेहमी खटकते. मुरादाबादला आणि जामनगरला मालाची पारख करणारा माणूस कारखान्याचा कणा समजला जातो. आपल्याकडे तो फक्त भंगारवाला. होडीच्या कडीसाठी ओतारी आणि भंगारवाला यांनी भागीत काम केले तर निम्मा प्रश्न सुटतो, कारण सगळे दोष भट्टीत नसून ढिगात असतात. तोटीचे पितळ बुशाच्या ढिगात गेले की पुढचा उस्ताद कितीही कसबी असो, माल बिघडला.

भट्टीचेही दोन शब्द. तांबे सुमारे १०८५ अंशांना वितळते, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. म्हणून तांबे आधी, जस्त शेवटी, आणि वर कोळशाच्या भुकटीचे झाकण, ही जुनी रीत आहे. पांढरा दाट धूर निघाला की समजावे, जस्त उडून चालले आणि प्रमाण बदलले. तोच धूर छातीत गेला की संध्याकाळी अंग मोडून येते, कसकस वाटते, सकाळी उतरते. कारागीर त्याला भट्टीचा शीण म्हणतात आणि सोडून देतात. तो धुराने आलेला ताप असतो. शिसेमिश्रित भंगार असेल तर त्याचा धूर याहून वाईट, आणि त्याचा त्रास एका रात्रीत उतरत नाही. भट्टी घराच्या ओसरीत असू नये, लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये, एवढे तरी कारागिरांनी पाळावे.

ओतल्यावर खरे काम कानसीचे. ६ मिलिमीटर जाडीच्या दोराला साधारण ४ इंचांची खुंटी, १२ मिलिमीटरच्या दोराला ८ इंचांची, असा जुना हिशेब आहे. आतील बाजू, शिंगांच्या खालची वळणे, भोकांच्या कडा यांना कुठेही धार नको. पारख करायला यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा भोकातून आणि वळणावरून ओढावा; एकही तंतू अडकला नाही तर कडी दोराला चालेल. कापूस तर आपल्या घरचाच आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये: या सामानाबरोबर लोखंडी स्क्रू देऊ नये. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की लोखंड आधी खाल्ले जाते, आणि कडी शाबूत असूनही उखडून येते.

आता आमचा मुख्य मुद्दा. खामगावला रजतनगरी म्हणतात. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, पण आज बाहेरगावचा माणूस खामगावचे नाव घेतो ते चांदीसाठी. तेथली चांदी सगळ्यात नक्षीदार असते म्हणून नव्हे. शुद्ध असते म्हणून. नक्षी दुसरीकडेही मिळते. दुकानदार जे सांगतो तेच तागडीत पडते, हा भरवसा खामगावने पिढ्यान्‌पिढ्या कमावला, आणि त्या भरवशाला पैसे पडतात. चांदीच्या दागिन्यांना ओळख क्रमांकासह हॉलमार्क १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक रूपात सुरू झाला. खामगावच्या पेठेची पत त्याआधीच बनली होती.

पितळेला असा हॉलमार्क नाही. म्हणून कारागिराचा शब्द हाच हॉलमार्क. आमचे म्हणणे असे की होडीच्या सामानाच्या प्रत्येक बिलावर धातूचे नाव आणि प्रमाण लिहून द्यावे: "गनमेटल, तांबे इतके, कथील इतके, समुद्रासाठी योग्य", किंवा "साधे पितळ, फक्त गोड्या पाण्यासाठी व शोभेसाठी". दुसरे वाक्य लिहायला आपले व्यापारी कचरतात. गिऱ्हाईक पळेल असे त्यांना वाटते. पण तलावातल्या होडीला चांगले पितळ पुष्कळ वर्षे चालते आणि ते घेणारा माणूस आहेच. फसवणूक होते ती एकाचे दुसऱ्याच्या नावाने विकल्यावर. प्रत्येक घाणीचा एक तुकडा राखून ठेवावा, त्यावर तारीख टाकावी, आणि महिन्यातून एकदा तरी शहरातल्या प्रयोगशाळेत धातू तपासून घ्यावा. चार-पाच भट्ट्यांनी मिळून खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड जाणार नाही.

हे आम्ही इतके ठासून सांगतो त्याला कारण आहे. मुंबईच्या एका बाजारात आम्हांला एकदा "जुन्या जहाजावरची" म्हणून पितळी खुंटी दाखवण्यात आली. काळी पडलेली, कानाकोपऱ्यात हिरवा थर, किंमत भरमसाट. उलटी करून पाहिली तर स्क्रूच्या भोकात पितळ कालच्यासारखे पिवळेधमक! नवा माल तेजाबात बुडवून म्हातारा केलेला. दुकानाचे नाव आम्ही घेत नाही, कारण असे दुकान एकच नाही. शोभेसाठी नेणाऱ्याचे यात फक्त पैसे बुडतात. पण तीच खुंटी कुणी होडीवर बसवली तर? अशा दहा नगांमुळे त्या धंद्यातल्या शंभर प्रामाणिक कारागिरांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला संशयास्पद वाटू लागतो, आणि मग तो तोच माल दुप्पट दामाने विलायतेच्या दुकानातून घेतो.

दुसरी खोड दामाची. भांड्यांच्या बाजारात माल किलोवर विकला जातो, मोड देऊन नवे भांडे घेतले जाते, आणि मजुरीही किलोमागे ठरते. हीच सवय या सामानाला लावली तर कारागीर मेलाच म्हणून समजा. समजा ४ इंचांच्या एका खुंटीत १५० ग्रॅम धातू आहे. किलोत साडेसहा नग बसले. साडेसहा नगांचे साचे, ओतणे, भोके, कानस, घासाई, कापसाची पारख, एवढे सगळे एका किलोच्या मजुरीत? भांड्याचा एक किलो आणि खुंट्यांचा एक किलो यांत दिवसांचा फरक आहे. हा माल नगावर विकावा, जोडीवर विकावा, एका होडीच्या पुऱ्या संचावर विकावा. तागडीवर कधीच नाही. व्यापारी म्हणेल, "पितळ ते पितळ." त्याला गनमेटलचे बिल आणि प्रयोगशाळेचा कागद दाखवावा.

व्यापाऱ्यांवर सगळा दोष टाकावा असेही आम्हांला वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले तेव्हा मुरादाबादच्या निर्यातदारांवर जे गुदरले ते सर्वांनी वाचले आहे. एकाच देशाच्या एकाच मोठ्या खरेदीदारावर धंदा बांधला की असेच होते. लहान सामानाला येथे एक सोय आहे. आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो, आणि २०२२ पासून टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत. दोन किलोचे पार्सल डेन्मार्कच्या एका होडीवाल्याला, तीन किलोचे इंग्लंडच्या दुसऱ्याला, असा फुटकळ व्यवहार जमू शकतो. तो सावकाश चालतो. पहिली ऑर्डर येण्यात वर्ष जाईल, नमुने फुकट पाठवावे लागतील, एखादा नग परतही येईल. ज्याला पुढच्या महिन्यात पैसे हवेत त्याने यात पडू नये.

राहता राहिले सरकार. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, आणि योजना म्हणून ती वाईट नाही. ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज, अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये. या योजनेच्या यादीत १८ व्यवसाय घेतले गेले. त्यात होडी बनवणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे, लोहार, सोनार, कुलूप बनवणारा आहे. तांबट नाही, ओतारी नाही, पितळेचे काम करणारा नाही. होडी बांधणाऱ्याला अवजारे मिळाली, आणि त्याच होडीची कडी ओतणाऱ्याला मूस सुद्धा नाही! यादी करणाऱ्यांना हा धंदा आठवला नाही, की तो संपला असे वाटले, हे तेच जाणोत.

"लोहार म्हणून नाव नोंदवा, कोण बघतो" असा सल्ला देणारे दलाल गावोगाव भेटतात. आम्ही तो सल्ला देणार नाही. बिलावर धातूचे खरे नाव लिहा म्हणायचे आणि अर्जावर धंद्याचे खोटे नाव लिहायचे, हे एका तोंडाने आम्हांला बोलता येत नाही. त्यापेक्षा जिल्ह्यातल्या तांबट, ओतारी आणि पितळेच्या कारागिरांनी, मग ते कोणत्याही जमातीचे असोत, एकत्र निवेदन तयार करावे. ते बुलडाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात द्यावे आणि प्रती खासदारांना व केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाला पाठवाव्यात, कारण योजना त्या मंत्रालयाची आहे. निवेदनात रडगाणे नको. किती भट्ट्या चालू आहेत, किती विझल्या, किती माणसे काम करतात, कोणता माल निघतो, एवढे गावनिहाय लिहावे. ही मोजणी सरकार येऊन करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्या त्या गावच्या कारागिरांनी आपली यादी आपणच करावी आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती या पानावर छापू.